दोनशे टक्के

दुकानातला मुलगा म्हणाला, "नाक लावून बघा काकू,
ठिपका दिसला तर पैसे परत."
कर्वे रस्त्यावर, भर दुपारी, चष्मा कपाळावर सारून
मी नाक लावलं.
पडद्यावर पोपट होता. त्याचं पीस न् पीस सुटं.
ठिपका नव्हता.

घरी आणून माझं लिहायचं जुनं सॉफ्टवेअर त्यात घातलं,
एकोणीस वर्षांचं, बोटांना पाठ झालेलं,
आणि 'षष्ठी'ची 'पप्ठी' झाली.
अनुस्वार आहे की माशी बसून गेली, कळेना.
'भरणपोषण' वाचायला मान पुढे, मान मागे,
भ आहे की म?
मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या बाईला
हा प्रश्न साधा नाही.

आधी संशय डोळ्यांवरच घेतला.
डॉक्टर राजगुरवबाईंनी बुबुळात दिवा धरला,
म्हणाल्या, डावा छान, उजवा त्याहून छान,
नंबर तोच.
फी मात्र वाढलेली.

वरच्या मजल्यावरचा तन्वीर मोमीन हिंजवडीहून
रात्री साडेनऊला उगवतो. जिन्यातच उभं राहून त्यानं सांगितलं,
"काकू, तुमच्या प्रोग्रॅमला पत्ताच नाही की ठिपके आता बारीक झालेत.
तो जुन्या मापानं अक्षर काढतो,
यंत्र ते ओढून दुप्पट करतं."
म्हणजे परकर ओढून नऊवारी.
विणीतून उजेड दिसणारच.

मग तीन-चार शनिवार गेले.
एकात अक्षरं अशी की बोट कापेल,
पण वरच्या आज्ञा मुंगीएवढ्या,
आणि मुंग्यांना मराठी येत नव्हतं.
एकानं 'शुद्ध' फोडला,
द वेगळा, ध वेगळा, मध्ये मोडका पाय.
फोडायला दुसरा शब्द नाही मिळाला!
एक देखणं होतं, पण दरमहा भाडं मागत होतं.
माझ्याच वाक्यात मी भाडेकरू?
सोसायटीचा मेंटेनन्स पुरे आहे.

शेवटी तन्वीरनंच एक फुकटचं आणलं.
पांढरं पान, आजूबाजूला काही नाही.
त्यानं सेटिंगात दोनशे टक्के केलं
आणि मी उगाच लिहीत सुटले:
दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड.
तो अर्धा र,
भुवईतला एक केस वेगळा दिसावा तसा.

हौसेनं जुनी कामं उघडत बसले.
आधी सगळा रोमन अक्षरांचा चिवडा;
तन्वीरनं कसलंसं परिवर्तक लावून
शेंगदाणे वेचावेत तसं मराठी वेचून दिलं.
दोन हजार अकरामधलं एक पुस्तक, कायद्याचं,
पान एकेचाळीस:
'पत्नीच्या मरणपोषणाची जबाबदारी पतीवर राहील.'

म.
काळा, स्वच्छ, चारी बाजूंनी धार लावलेला म.

वाटलं, फाईल बदलताना झालं असेल.
कपाटातून छापील प्रत काढली. म.
तिसरी आवृत्ती. म.
आतल्या पानावर, मुद्रितशोधन: उत्तरा किणीकर.
ते बिनचूक.

चौदा वर्षं. पुण्यात.
आणि एकाही वाचकाचं पत्र नाही.
यातलं जास्त काय लागलं, अजून ठरत नाही.

प्रकाशकांना फोन केला. काटदरे म्हणाले, "सोडा हो,
पुस्तकही संपलं, लेखकही गेले."
फाईलमध्ये म चा भ केला.
कुणासाठी, माहीत नाही. सेव्ह केलं.

तन्वीर जिन्यावरून डोकावला.
"आता स्पष्ट दिसतंय ना काकू?"
"दिसतंय," म्हटलं.
"फारच."